सांगलीत बसून एफए कपचा अख्खा हंगाम कसा बघायचा: ऑगस्टपासून मेपर्यंत

सांगली-मिरजेच्या माणसाला फुटबॉल नवा नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार भिडणार असले की इथून गाड्या कोल्हापूरला निघतात. तालमीच्या नावाने उतरणारे संघ, पेठेची इभ्रत, हरला तो बाहेर. हे सगळं ज्याने मैदानावर उभं राहून पाहिलंय, त्याला एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचा (एफएचा) बाद पद्धतीचा कप, परका वाटायचं कारण नाही. तरी माझ्या ओळखीतले बहुतेक जण तो जानेवारीत उघडतात, मोठ्या क्लबांचे दोन-चार सामने बघतात, आणि मग थेट मेमधली फायनल. मीही बरीच वर्षं तेच केलं.

२०२४-२५ च्या हंगामात पहिल्यांदा मी नोव्हेंबर ते मे नेटाने पाठपुरावा केला, आठवीतल्या भाच्याला सोबत घेऊन. पुढच्या वर्षी ऑगस्टपासूनच सुरुवात केली. सुरुवातीला वेळा चुकल्या, फेऱ्या समजल्या नाहीत, भलत्याच कपाचे निकाल वहीत लिहिले गेले. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

आधी जमवायचं साहित्य

- एक दोनशे पानी वही. मोबाइलमधल्या नोंदी मार्चपर्यंत सापडेनाशा होतात.
- भिंतीवरचं कॅलेंडर, तारखांना गोल करायला. सणवार त्यावरच असतात, ते का लागतात ते पुढे येईल.
- इंग्लंडचा नकाशा, मोबाइलवरचा चालेल.
- ज्या वाहिनीकडे किंवा ॲपकडे त्या वर्षीचे भारतातले हक्क असतील तिची वर्गणी, आणि ओटीपी येईल असा चालू नंबर. हक्क बदलत असतात, म्हणून वर्षभराचे पैसे भरण्याआधी त्या हंगामाच्या यादीत एफए कप आहे का ते बघा. मला हे पैसे भरल्यावर कळलं होतं.
- फायनल सोसायटीत दाखवायची असेल तर काही कागद. ते शेवटच्या पायरीत आहेत.

पायरी १: कप कोणता ते नीट ओळखा

इंग्लंडमध्ये एकाच हंगामात दोन मोठे बाद पद्धतीचे कप चालतात. लीग कप, ज्याला सध्या काराबाओ कप म्हणतात, तो वरच्या चार श्रेणींतल्या ९२ क्लबांपुरता असतो. एफए कप त्याहून जुना आणि कितीतरी मोठा. १८७१ साली तो सुरू झाला तेव्हा १५ क्लबांची नावं आली होती. १८७२ ची पहिली फायनल केनिंग्टन ओव्हलवर झाली, म्हणजे क्रिकेटसाठी आपल्याला माहीत असलेल्या त्याच ओव्हलवर, आणि वाँडरर्सने रॉयल इंजिनिअर्सला १-० हरवलं. आपल्याकडचा ड्युरँड कप सिमल्यात सुरू झाला १८८८ मध्ये. यावरून काळाचा अंदाज येईल.

निकाल शोधताना एफए ट्रॉफी आणि एफए व्हास ही नावंही समोर येतात. त्या खालच्या श्रेणीतल्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धा आहेत. तुमचा छोटा क्लब एकाच महिन्यात कपातही खेळेल आणि ट्रॉफीतही. वहीत निकाल उतरवताना वरचं स्पर्धेचं नाव दोनदा वाचा.

पायरी २: फेऱ्यांचा जिना पाठ करा

माझा सगळ्यात जास्त गोंधळ इथे झाला. ‘पहिली फेरी’ हे नाव वाचून स्पर्धा तिथून सुरू होते असं वाटतं. प्रत्यक्षात त्याआधी सहा फेऱ्या होऊन गेलेल्या असतात.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, इकडे आपण आयर्विन पुलाची पाणीपातळी किती झाली हे विचारत असतो तेव्हा, तिकडे अतिरिक्त प्राथमिक फेरी होते. त्यानंतर प्राथमिक फेरी आणि मग चार पात्रता फेऱ्या. यात खेळणारे क्लब पाचव्या श्रेणीचे आणि त्याखालचे. बरेचसे खेळाडू दिवसा दुसरी नोकरी करतात. सगळे एकदम उतरत नाहीत, श्रेणी जितकी वरची तितकी एन्ट्री उशिरा. सहाव्या श्रेणीचे दुसऱ्या पात्रता फेरीत येतात, पाचव्या श्रेणीचे चौथ्या.

चौथ्या पात्रता फेरीतून ३२ क्लब उरतात. त्यांना लीग वन आणि लीग टूचे (तिसरी आणि चौथी श्रेणी) ४८ येऊन मिळतात. हे झाले ८०, आणि ही ती ‘पहिली फेरी’, नोव्हेंबरच्या सुरुवातीला. ८० चे ४०, ४० चे २०. मग जानेवारीत तिसऱ्या फेरीला प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिपचे (पहिली आणि दुसरी श्रेणी) ४४ क्लब येतात आणि आकडा ६४ होतो. तिथून पुढे सोपं आहे: ३२, १६, उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम. शेवटच्या दोन्ही पायऱ्या लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर.

२०२४-२५ मध्ये एकूण ७४५ क्लब होते. प्रीमियर लीगच्या मँचेस्टर सिटीला कप उचलायला सहा सामने जिंकावे लागतात. अतिरिक्त प्राथमिक फेरीतून निघालेल्या क्लबाला चौदा. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. नवख्याला कप समजावायला मला याहून चांगली वाट सापडली नाही.

वहीत प्रत्येक क्लबाच्या नावापुढे त्याची श्रेणी कंसात लिहा: (१), (५), (८). निकाल वाचताना नावं अनोळखी असतात, पण ‘(५) ने (३) ला हरवलं’ हे दिसलं की काय घडलं ते लगेच कळतं.

पायरी ३: घड्याळ जुळवा, आणि दोनदा जुळवा

ऑगस्ट ते ऑक्टोबरअखेर इंग्लंडचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते एक तास मागे घेतात, मग अंतर साडेपाच तासांचं होतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेचार.

तिथला शनिवार दुपारी तीनचा सामना म्हणजे आपल्याकडे सप्टेंबरात संध्याकाळी साडेसात आणि डिसेंबरात साडेआठ. जेवणाच्या आगेमागे, घरात कुणाची कुरकुर नाही. आठवड्याच्या मधले सामने मात्र कठीण. तिथले पावणेआठ म्हणजे हिवाळ्यात आपला रात्रीचा सव्वा. दुसऱ्या दिवशी शाळा किंवा कुपवाड एमआयडीसीची पहिली पाळी असेल तर सकाळी उठून हायलाइट्स बघा, आणि तोवर मोबाइलच्या सूचना बंद ठेवा.

आता माझी चूक सांगतो. ३० मार्च २०२५, रविवार, गुढीपाडवा. प्रेस्टन विरुद्ध ॲस्टन व्हिला, उपांत्यपूर्व सामना, तिथली वेळ दुपारी दीड. मी साडेपाच मिळवले आणि सात वाजता टीव्ही लावला. त्याच पहाटे तिथली घड्याळं पुढे गेली होती, सामना आपल्या सहाला सुरू झाला होता आणि दुसरा हाफ लागत होता. पहिल्या हाफमध्ये गोल झाला नव्हता, व्हिलाचे तिन्ही गोल नंतर झाले, म्हणून भाच्याची समजूत निघाली. तेव्हापासून कॅलेंडरवर ते दोन रविवार लाल पेनने गोल केलेले असतात. तुम्ही ते आजच करून ठेवा.

पायरी ४: एक छोटा क्लब धरा, आणि तो हरला की त्याला हरवणाऱ्याला धरा

या लेखातली हीच मुख्य गोष्ट, बाकी सगळं तिच्या सोयीसाठी.

आवडता मोठा क्लब धरून बसलात तर तो जानेवारीत हरतो आणि तुमचा हंगाम तिथेच संपतो. त्याऐवजी सुरुवातीच्या फेरीतला कुठलाही एक सामना निवडा. जो जिंकेल तो तुमचा. पुढच्या फेरीत तो हरला तर ज्याने हरवलं तो तुमचा. असं करत गेलात की मेमध्ये तुम्ही वेम्ब्लीवर असताच, आणि वाटेत जे क्लब भेटतात त्यांची नावं तुम्ही एरवी कधी ऐकली नसती. तिथले काही चाहते असाच अख्खा हंगाम प्रवास करतात. आपण तो वहीत करायचा.

मी २०२४ ला उशिरा, ऐन दिवाळीत पहिल्या फेरीपासून सुरुवात केली आणि टॅमवर्थ (५) निवडला. कारण साधं होतं: नकाशावर गाव सापडलं, बर्मिंगहॅमच्या जवळ, आणि समोर हडर्सफील्ड (३) होता, जो काही वर्षांपूर्वी प्रीमियर लीगमध्ये खेळला होता. टॅमवर्थ १-० जिंकला. दुसऱ्या फेरीत बर्टन अल्बियन (३) शी १-१, आणि पेनल्टीवर टॅमवर्थ पुढे. गोलकीपर जस सिंग. नाव वाचून भाचा चमकला. आडनावावरून आपलाच वाटला त्याला. हा माणूस एरवी इमारतींचा सर्व्हेअर म्हणून काम करतो आणि उरलेल्या वेळात गोलपोस्टमध्ये उभा राहतो.

तिसऱ्या फेरीचे लॉट पडले आणि टॅमवर्थला घरच्या मैदानावर टॉटनहॅम (१) मिळाला. १२ जानेवारी, भोगीच्या आदल्या दिवशीचा रविवार, आपल्याकडे संध्याकाळी सहा. आम्ही विश्रामबागेतल्या घरी भडंगाचं पातेलं मध्ये ठेवून बसलो. कृत्रिम गवताचं छोटं मैदान, काही हजार माणसं अगदी रेषेला खेटून उभी, टॅमवर्थच्या टॉम टाँक्सचे लांबच्या लांब थ्रो-इन थेट गोलसमोर पडताहेत, आणि टॉटनहॅमला नव्वद मिनिटांत एकही गोल करता येत नाही. ०-० झालं तेव्हा आमच्या खोलीत कुणी बसलेलं नव्हतं. जादा वेळेत टॉटनहॅमला तीन गोल मिळाले. भाच्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला म्हटलं, वहीत लिही, आता आपण टॉटनहॅम. तो म्हणाला, “मामा, मला नाही व्हायचं.” दोन दिवस वही बंद होती.

ही अडचण तुम्हालाही येईल. ज्याने आपल्याला हरवलं त्याचं नाव आपल्या हाताने लिहायचं जड जातं. तरी लिहा. पुढच्या फेरीत, ९ फेब्रुवारीला, ॲस्टन व्हिलाने पहिल्याच मिनिटाला गोल करून टॉटनहॅमला २-१ बाहेर काढलं, आणि भाच्याने व्हिलाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं. मग व्हिलाने कार्डिफला २-० आणि पाडव्याला प्रेस्टनला ३-० हरवलं. २६ एप्रिलला उपांत्य फेरीत क्रिस्टल पॅलेसने व्हिलाला ३-० उडवलं. अशा रीतीने १७ मेच्या फायनलला आम्ही पॅलेसचे होतो. त्या क्लबाने तोवर एकही मोठा करंडक जिंकला नव्हता. १९९० आणि २०१६ च्या फायनल मँचेस्टर युनायटेडकडून हरलेला क्लब. सोळाव्या मिनिटाला एझेचा गोल, मग पॅलेसचा गोलकीपर डीन हेंडरसनने सिटीच्या मार्मूशची पेनल्टी अडवली, आणि मँचेस्टर सिटीविरुद्ध १-० तसंच राहिलं.

टॅमवर्थचं बोट धरलं नसतं तर आम्ही त्या दिवशी सवयीने सिटीचा खेळ बघत बसलो असतो.

पायरी ५: लॉट कधी पडतात ते बघत राहा

गावाकडच्या कबड्डीच्या स्पर्धेत लॉट एकदाच पडतात आणि फळ्यावर फायनलपर्यंतचा तक्ता लागतो. एफए कपात तसा तक्ता नसतो. प्रत्येक फेरीसाठी नव्याने क्रमांकाचे गोळे काढतात. मोठ्यांना वेगळं ठेवणं नाही, तिसऱ्या फेरीत दोन बलाढ्य क्लबच एकमेकांसमोर येऊ शकतात. ज्याचा गोळा आधी निघाला त्याचं मैदान. उपांत्य फेरीपासून मैदान तटस्थ.

म्हणून इंटरनेटवर कुणी ‘फायनलपर्यंतचा मार्ग’ आधीच काढून दाखवत असेल तर तिकडे बघू नका. पात्रता फेऱ्यांत प्रवास कमी व्हावा म्हणून लॉट विभागवार पडतात, तेव्हा नकाशा काढून बसा. शेजारशेजारची गावं भिडतात आणि त्यांचं वैर कधी कधी आपल्या सांगली-मिरजेसारखंच जुनं असतं.

पायरी ६: दोन नियम आधीच माहीत करून घ्या

पहिला बरोबरीचा. पूर्वी सामना बरोबरीत सुटला की दुसऱ्या संघाच्या मैदानावर पुन्हा खेळत. २०२४-२५ पासून ‘पहिल्या फेरी’पासून पुढे हे बंद झालं. आता जादा वेळ आणि मग पेनल्टी, निकाल त्याच दिवशी. जुन्या लेखांत आणि चित्रफितींत पुनर्सामन्याचा उल्लेख सापडतो, त्याने फसू नका.

या बदलावर माझं मत स्पष्ट आहे: तो चुकीचा झाला. जुना नियम असता तर ०-० नंतर टॅमवर्थ टॉटनहॅमच्या साठ हजारांहून मोठ्या मैदानावर पुन्हा खेळला असता. तिकिटांच्या उत्पन्नात दोन्ही क्लबांचा वाटा असतो. एका रात्रीच्या त्या पैशात छोट्या क्लबाची कित्येक वर्षांची ददात मिटते. मोठ्या क्लबांचं वेळापत्रक गच्च झालंय हे खरं, पण त्याची किंमत जस सिंगसारख्यांनी मोजायची हे पटत नाही.

दुसरा नियम व्हीएआरचा, म्हणजे व्हिडिओ बघून पंचांचा निर्णय तपासण्याचा. २०२४-२५ मध्ये तो पाचव्या फेरीपासूनच होता. चौथ्या फेरीत मँचेस्टर युनायटेडच्या मॅग्वायरने लेस्टरविरुद्ध जादा मिनिटांत विजयी गोल केला, तो उघड ऑफसाइड होता आणि तपासायला कुणी नव्हतं. हा नियम दर हंगामात बदलू शकतो. हंगामाच्या सुरुवातीला बघून वहीत लिहून ठेवा, नाहीतर ‘रिव्ह्यू का घेत नाहीत’ यावर घरात वाद होतात.

पायरी ७: सामना कुठे बघायचा, कुठे वाचायचा

नोव्हेंबरपर्यंतचे बहुतेक सामने आपल्याकडे टीव्हीवर दिसत नाहीत. वाईट वाटून घेऊ नका. छोट्या क्लबांची एक्स आणि फेसबुकवरची खाती स्वयंसेवक चालवतात आणि मिनिटागणिक खबर देतात. ‘पाऊस वाढलाय, बदली खेळाडू वॉर्मअपला गेलाय’ अशा ओळी वाचत आम्ही एक सामना ऐन गणपतीत, आरतीच्या आधी आणि नंतर, पुरा केला. जिल्हा क्रीडा स्पर्धेचा स्कोअर भाऊ मैदानावरून फोनवर सांगतो, तसंच ते वाटतं. निकालांची खात्री मात्र एफएच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. पात्रता फेऱ्यांत क्लबांची नावं इतकी सारखी असतात की इतरत्र सर्रास चुका होतात.

फुकट दाखवतो म्हणणाऱ्या अनोळखी लिंक उघडू नका. आमच्या ओळखीच्या एकाचा मोबाइल अशा लिंकने दोन दिवस बंद पडला होता.

पायरी ८: फायनल सगळ्यांनी मिळून बघायची असेल तर

२०२५ ची फायनल आपल्या रात्री नऊला सुरू झाली. मध्यंतर संपून दुसरा हाफ लागला तेव्हा दहा वाजून गेले होते, आणि दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी असते. म्हणून मोकळ्या जागेत, गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये मोठा आवाज लावायचा बेत करू नका. बंद हॉल घ्या, आवाज टीव्हीचाच ठेवा.

लागणारे कागद: हॉलसाठी सोसायटीच्या सचिवांच्या नावे अर्ज, त्यावर तारीख आणि ‘रात्री बारापर्यंत’ असं स्पष्ट लिहिलेलं. जादा वेळ आणि पेनल्टी झाल्या तर साडेअकरा सहज होतात. मैदानात किंवा चौकात काही करणार असाल तर पोलिस ठाण्याची परवानगी आधी काढा, आदल्या दिवशी गेलात तर उपयोग नाही. घरगुती वर्गणी घरासाठीच असते, तिकीट लावून किंवा हॉटेलात सामना दाखवायला वेगळे हक्क लागतात. त्या वाटेला जाऊ नका.

मेमध्ये वळवाचा पाऊस आणि लाईट दोन्हींचा भरवसा नसतो. इन्व्हर्टर कुणाकडे आहे ते आधी विचारून ठेवा, राउटर त्याच्यावर जोडा, आणि एका मोबाइलमध्ये पूर्ण दिवसाचा डेटा राखून ठेवा.

जमलेल्यांत निम्मे जण कप पहिल्यांदा बघत असतात. त्यांच्यासाठी सामन्याआधी पाच मिनिटं वही फिरवा. आमच्या हॉलमध्ये एका आजोबांनी टॅमवर्थचं पान बराच वेळ वाचलं आणि विचारलं, “हा सर्व्हेअर पोरगा आज खेळतोय का?”

पुढच्या हंगामासाठी जुलैत नजर ठेवा. भाग घेणाऱ्या क्लबांची यादी आणि सुरुवातीच्या फेऱ्यांचे लॉट तेव्हाच जाहीर होतात. क्लब निवडायचं काम आता भाच्याकडे आहे. त्याची अट एकच: गाव नकाशावर सापडलं पाहिजे आणि तिथून नदी वाहत असली पाहिजे.